नगरच्या पुढे दोन वेढे

माझा नवरा रोज संध्याकाळी घरी यायचा आणि जेवताना एका परक्या बाईच्या मोटरीचं कौतुक करायचा. भाकरीचा तुकडा हातात, कालवण पुढ्यात आणि तोंडात तिची मोटर. आज फुल लोडवर चालवली अन् वरून हात ठेवला तर थंडगार, म्हणे. मी चुलीपुढे घामानं निथळत बसलेली असायचे. चुलीपुढे बसलेल्या बाईला दुसरीचं काय थंड आहे ते सांगू नये, एवढी साधी अक्कल त्या माणसाला नव्हती.

मोटर थंड असण्यात जळण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. सांगते. आम्ही दोघं नगरला स्टेशनच्या बाजूला एका मोटरीच्या शेडमध्ये कामाला होतो. पत्र्याची लांबलचक शेड होती. पिठाच्या गिरण्या, तेलाचे घाणे, विहिरीवरचे पंप, साखर कारखान्यातले सरकते पट्टे, असल्या सगळ्यांना लागणाऱ्या मोटरी तिथं बनायच्या. नवरा टेस्टिंगला, मी कॉइलच्या टेबलावर. मोटर वीज खाते आणि काम देते; पण खाल्लेलं सगळंच काही कामाला लागत नाही. जे लागत नाही ते उष्णता होऊन अंगातून बाहेर पडतं. म्हणजे गरम मोटर ती खादाड मोटर, आणि थंड मोटर ती खाल्ल्या मिठाला जागणारी. आमच्या शेडमध्ये 'थंड' या शब्दाच्या वर दुसरा शब्द नव्हता. माझ्या हातच्या मोटरीला तो इतक्या वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. 'बरी आहे' मिळालं होतं. बरी! मुलगी बघायला आलेले लोक चहा पिऊन जाताना म्हणतात तसं.

बरं, त्या टेबलावर मी काही कालची पोर नव्हते. कॉइलचं टेबल मीच तर उभं केलं होतं. तांब्याची तार लाकडी साच्यावर गुंडाळायची, की कॉइल तयार होते. तशा कॉइली मोटरीच्या पोटातल्या खाचांत बसवतात. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हातानं तार सोडायची. दांड्याचा एक फेरा म्हणजे तारेचा एक वेढा. एका कॉइलला किती वेढे, ते इंजिनिअर साहेबांच्या कागदावर लिहिलेलं असायचं, आणि त्यात एकाचाही फरक चालायचा नाही. यंत्राला वेढे मोजायचं चाक होतं, पण ते मी कामाला लागले तेव्हापासून मोडकंच होतं. दुरुस्त करू, करू म्हणत शेठनी कधी केलं नाही. मग मोजायचं तोंडानं. आता सहा बायका एका टेबलाला बसल्यावर तोंडानं आकडे मोजून होतात का? कुणी विचारलं, अगं तुझ्या नणंदेचं काय झालं, की मोजणी गेलीच. रोज कॉइली उलगडायच्या आणि रोज बोलणी खायची.

तेव्हा मी युक्ती काढली. माझं माहेर राजूरचं, पार वर डोंगरात. सासर नगरला. लग्न होऊन आले तेव्हा वाटेतलं एकेक गाव मी मोजत आले होते, कारण प्रत्येक गावाला माहेर तेवढं लांब जात होतं. ती वाट मला तोंडपाठ. मी दांड्याच्या एका फेऱ्याला एक गाव म्हणायला लागले. राजूर, अकोले, कळस, संगमनेर, समनापूर, कोकणगाव, लोणी, कोल्हार, गुहा, राहुरी, डिग्रस, देहरे, विळद. मधे सगळ्या वाड्यावस्त्या. कागदावरच्या आकड्याला गावं कमी पडली, तेव्हा दोन ओढे, एक देऊळ आणि संगमनेरच्या पुढे माझ्या मावशीचं घर घातलं. शेवटचा वेढा नगर. नगर म्हटलं की कॉइल संपली, कात्री मारायची.

जात्यावर दळताना गाणाऱ्या बायका त्या. त्यांना ते असं बसलं की विचारू नका. आकडा चुकतो, वाट चुकत नाही. प्रत्येकीची कॉइल वेगळ्या वेळेला सुरू व्हायची, म्हणून सगळ्याजणी आपापल्या हळू आवाजात पुटपुटायच्या. एक अकोल्यात असायची, एक कोल्हारला, एक नगरच्या वेशीत. ज्या बायांनी राजूर कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्या दिवसभर माझ्या माहेरून निघायच्या आणि माझ्या सासरी पोचायच्या. माझ्या मावशीचं घर त्या शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचा गर्व होता. का नसावा? टेबलाच्या टोकाचं, खिडकीजवळचं स्टूल माझं होतं, आणि ते मला कुणी फुकट दिलेलं नव्हतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला आणि ही आली.

जामखेडच्या पलीकडे खर्डा आहे, तिथली. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. मनातल्या मनात 'खर्ड्याची' म्हणायचे, आजही तेच म्हणते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, पोरबाळ नाही. तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. ते काम लांब गेलं, तेव्हा म्हाताऱ्या सासूला बरोबर घेऊन चालत चालत नगरला आली. शेठच्या घरी धुण्याभांड्याला लागली आणि तिथून शेडमध्ये. शेठनी तिला माझ्यापुढे उभं केलं आणि हिला शिकवा म्हणाले. खडी फोडून हातांची सालं निघालेली. मी म्हटलं, या हातांनी केसाएवढी तार काय वळणार, दोन दिवसांत जाईल.

कुठली जातेय. शिकवलं मीच. साचा कसा धरायचा, तार कशी ताणायची, गावं कशी म्हणायची. मला वैनी म्हणायची, मान खाली घालून ऐकायची, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही. महिनाभरात तिचा हात असा बसला की तिची कॉइल साच्यावरून काढली तर विटेसारखी घट्ट. तेवढंही मी सोसलं असतं. चांगला हात असतो एखादीचा. पण तिच्या कॉइली घातलेली पहिली मोटर टेस्टिंगला गेली आणि संध्याकाळी आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा आला.

थंड.

नवरा साधा माणूस, त्याच्या पोटात पाप नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते ठाऊक असून काय उपयोग? तिच्यावर डोळा असता तर मी त्याची कॉलर धरली असती, चार लोकांत काढली असती. पण मोटरीवरून कुणाला सवत म्हणता येतं का? तो तासन् तास तिच्या मोटरीजवळ उभा राहायचा, अँपिअरचा काटा बघायचा, वरून तळवा ठेवायचा आणि खूश व्हायचा. माझ्या मोटरीवर तळवा ठेवला की लगेच उचलायचा. पोळायचं म्हणून. टेबलावरून मला ते सगळं दिसायचं. जीव असा जळायचा की माझ्याच अंगावर हात ठेवायची सोय नव्हती.

मी काय कमी केलं? तार आणखी ताणून वळली. कॉइलची टोकं आखूड ठेवली, म्हणजे तांबं कमी आणि तापही कमी. खाचेतला कागद नवा मागून घेतला. एक दिवस तर व्हार्निश मी स्वतः उभं राहून चढवून घेतलं. मोटर चालली, नवऱ्यानं तळवा ठेवला, उचलला. घरी आल्यावर म्हणाला, "बरी आहे की." त्या दिवशी मी त्याला मिलोची भाकरी वाढली. दुष्काळात रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी. घरात दोन पायल्या चांगली बाजरी होती, तरी मुद्दाम मिलोची. त्यानं कुरकुर न करता खाल्ली आणि वर म्हणाला, की तिची मात्र कशी चालते कळत नाही बुवा.

अशात एक दिवस शेठनी सगळ्यांना बोलावलं. साखर कारखान्याकडून मोटरींची मोठी मागणी येणार होती, पण त्यांची अट होती. नुसती फिरते ती मोटर त्यांना नको होती. दिल्लीनं मोटरींसाठी पट्टी ठरवली होती: एवढी वीज खाल्ली तर एवढं काम दिलंच पाहिजे, इतका वेळ चालवली तर याच्या वर तापता कामा नये. त्या पट्टीला उतरेल तिच्यावर शिक्का. शिक्का असेल तर मागणी, नसेल तर नाही. इंजिनिअर साहेबांनी हे समजावून सांगितलं. साहेब पुण्याचे, तरुण, चष्मेवाले, बोलताना खडूची पूड शर्टला पुसणारे. आमची एक मोटर मुंबईला तपासायला पाठवायची होती. मग शेठ बोलले. जिच्या कॉइलींची मोटर शिक्का घेऊन येईल तिला कायम करणार आणि टेबल तिच्या हाती देणार.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, यात बोलायचं काय आहे, मोटर माझीच जाणार.

संध्याकाळी नवऱ्यानं चप्पल काढता काढता सांगितलं, की साहेबांनी त्याला विचारलं, कुणाची पाठवू, आणि त्यानं खर्ड्याच्या बाईची सांगितली.

"तुम्ही सांगितलंत?" मी म्हटलं.

"अगं, काटाच सांगतोय. तिची तीन आणे वीज कमी खाते. तुझी पाठवली तर पट्टीला उतरायची नाही, शेड बुडेल."

माझी उतरायची नाही! स्वतःच्या बायकोची! मी त्याला म्हटलं, मग त्याच मोटरीला सांगा भाकरी थापायला, थंड हातांनी थापेल. आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू येत होतं ते रागाचं की कसलं, मला ठरवता येईना. इतक्या वर्षांचं माझं स्टूल एक खडी फोडणारी बाई चार महिन्यांत घेणार होती आणि देणारा माझा नवरा. माझी वाट म्हणून, माझ्याच माहेरून निघून ती माझ्याच डोक्यावर येऊन बसणार होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. कुठंतरी पाणी मुरत होतं, नाहीतर एकच तार, एकच साचा, एकच कागद, आणि तिची थंड अन् माझी गरम कशी? शिंकं तुटल्याशिवाय बोका लोणी खात नाही. तिची तार बघितली, माझ्यासारखीच. व्हार्निश बघितलं, माझ्यासारखंच. तारेचं रीळ तिचं लवकर संपायचं, पण ती काम भरभर करते म्हणून संपतं असं सगळे धरून चालले होते. मीही धरलं होतं. मग मी माझं खिडकीचं स्टूल सोडलं, डोळ्यावर ऊन येतं म्हणाले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बायकांना नवल वाटलं. तिला आनंद झाला. बसा की वैनी म्हणाली, सरकून जागा दिली.

ती फार हळू पुटपुटायची, ओठ जेमतेम हलायचे. मी दांडा थांबवून कान दिला. राजूर, अकोले, कळस. बरोबर. मावशीचं घर. बरोबर. मेलीनं ओढासुद्धा सोडला नाही. कोल्हार, गुहा, राहुरी, देहरे, विळद, नगर. आता ही कात्री उचलणार.

तिनं कात्री उचलली नाही. दांडा फिरवला आणि म्हणाली, जामखेड. पुन्हा फिरवला आणि म्हणाली, खर्डा. मग कात्री मारली.

मी पुढची कॉइल ऐकली, त्याच्या पुढचीही ऐकली. प्रत्येकीत जामखेड, प्रत्येकीत खर्डा. काय सांगू मला किती आनंद झाला! लग्नातही इतका झाला नसेल. मी तिथल्या तिथं उठले, तिच्या हातातली कॉइल घेतली आणि शेठ, साहेब, नवरा सगळे उभे होते तिथं नेऊन ठेवली. म्हटलं, मोजा. ही बाई कागदाप्रमाणे वेढे घालत नाही. लोक म्हणतात मी तेव्हा वाईट केलं. का वाईट? चूक होती ती सांगितली. टेबल माझं होतं, मोजणी माझी होती. मला आजही त्यात काही वाईट वाटत नाही.

साहेबांनी कॉइल स्वतः उलगडली, वेढा वेढा मोजला. दोन जास्त. शेठचा चेहरा लाल झाला. चार महिन्यांचं तांबं, चार महिन्यांच्या मोटरी, सगळ्या कागदाबाहेरच्या. त्यांनी तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. तिला काही कळलेलंच नव्हतं. शेठनी विचारलं, हे जादाचे वेढे कुणी सांगितले.

"कुनी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "वैनींचं गानं नगरात ऱ्हातंय. मपलं गाव पुढं हाय. नगर म्हनलं तरी हात थांबंना झाला, म्हनून घरापोत न्हेलं."

तिला वाटलं होतं, प्रत्येक बाई आपापल्या गावापर्यंत वळत असेल. मी गाणं शिकवलं, पण ते गाणं म्हणजे आकडा आहे, हे सांगायचं राहिलं होतं. मला ते सांगावंसं वाटलंच नव्हतं. माझी वाट म्हणजे माझी वाट, त्यात कोण कशाला भर घालेल?

साहेबांना भलत्याच ठिकाणी शंका आली. म्हणाले, नगर ते जामखेड मधे कितीतरी गावं आहेत, ती का नाही म्हटलीस?

"ती चालत आले मी, साहेब. सासूला पाठीवर घिऊन. त्यांची नावं नगं वाटत्यात."

मग शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. ती हो म्हणाली. नुसतं व्हय. तिला परत खडीवर जावं लागणार होतं आणि ती व्हय म्हणाली. मी माझ्या खिडकीच्या स्टुलाकडे बघितलं. रिकामं होतं, माझंच होतं.

पण साहेब कॉइल खाली ठेवीनात. तार बोटाभोवती गुंडाळायचे, उलगडायचे. मग म्हणाले, शेठ, थांबा. मोटर थंड चालते ती या दोन वेढ्यांनी तर नाही? त्यांनी फळ्यावर आकडे मांडले आणि जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. आमचा कागद मुळात एका परदेशी मोटरीवरून उतरवलेला होता. तिच्या पोटातलं लोखंड पातळ पत्र्याचं, उंची. आमचं जाड आणि हलक्या प्रतीचं. तेवढ्याच वेढ्यांनी आमच्या लोखंडावर त्याला न झेपणारा भार येत होता. दोन हंडे पेलणाऱ्या सुनेच्या डोक्यावर तिसरा दिल्यासारखं. ती चालते, पण घामाघूम होऊन. वेढे वाढले की लोखंडावरचा भार उतरतो, वीज कमी जाते, ताप कमी होतो. म्हणजे चूक कागदातच होती; आणि मी ती वर्षानुवर्षं एकही वेढा न चुकवता बिनचूक वळत आले होते.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता!

मात्र साहेबांनी एक भीती घातली. वेढे वाढले की मोटरीचा सुरुवातीचा जोर कमी होतो. आमच्याकडे वीज कधी पुरी येते का? दुष्काळात तर दिवे विडीसारखे मिणमिणायचे. कमी विजेवर, लोडसकट, ही मोटर जागची हललीच नाही तर थंडपणाला काय चाटायचंय? तशी बसून राहिली तर जळेल. तेव्हा आत्ताच बघू. हलली तर बाई राहील आणि कागद बदलेल. नाही हलली तर कागद बरोबर, बाई घरी.

नवऱ्यानं तिची मोटर ब्रेकच्या चाकाला लावली, पट्टा आवळला, वजनं टांगली. वीज कमी करायचा डबा होता, त्यावरून काटा खाली आणला. सगळ्या बायका टेबल सोडून आल्या. ती मागे, दाराजवळ, आपली फडक्यात बांधलेली भाकरी उचलून उभी होती. जायच्या तयारीनं. मी अगदी पुढे होते. नवऱ्यानं खटका टाकला.

मोटर नुसती गुरगुरली. हलेना. मी तिच्याकडे डोळे लावून मनात म्हणत होते, नको हलूस. बस अशीच. अडक. कुठल्या देवाला कुणी असं मागितलं नसेल, मी मागितलं. माझ्या नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो उलटं मागत होता, हे मला कळत होतं. एका खोलीत राहणारी आम्ही दोघं, एकाच मोटरीपुढे उभी, आणि मागणी अशी. साहेबांनी खटका काढायला हात उचलला.

चाक हललं. पहिल्यांदा म्हातारं माणूस उठतं तसं, मग जरा बरं, मग वजनासकट गरागरा. शेडमधल्या बायकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. नवरा हसला. माझ्याकडे बघून नव्हे. दाराकडे बघून.

त्याच आठवड्यात कागद बदलला. मुंबईला मोटर गेली ती तिच्याच कॉइलींची, आणि शिक्का घेऊन आली. शेठनी पेढे वाटले. साखर कारखान्याची मागणी आली, शेड वाचली, आम्ही सगळ्या वाचलो. हे मला समजत नव्हतं असं नाही. पेढा मी खाल्ला. तो गोडच होता. पण खिडकीजवळच्या स्टुलावर ती जाऊन बसली तेव्हा मी मान वर केली नाही.

तिनं ते मागितलं नव्हतं. उलट, वैनी तुमी बसा, मी हितं बरी हाय, असं दोनदा म्हणाली. तेच तर मला सोसवत नव्हतं. भांडली असती, तोऱ्यात वागली असती, तर मी तिला पुरून उरले असते. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं? मी शेठचा शब्द पुढे केला आणि तिला बसायला लावलं.

आता प्रश्न असा पडला, की बाकीच्या सगळ्याजणींच्या हाताला नगरला थांबायची सवय. मी शहाणपणा करून सुचवलं, की दोन वेढे वाढवायचेच तर सुरुवातीला वाढवा, राजूरच्या वर दोन गावं आहेत, तिथून निघा. माझ्या माहेराच्या वरची! पण बायकांची जीभ घोटाळायला लागली, सुरुवातच बदलली की मोजणी कोलमडायची. चार दिवसांत कॉइली उलगडायची पाळी आली. साहेब म्हणाले, तोंडात बसलेलं आहे ते तसंच ठेवा आणि हिची दोन गावं शेवटी जोडा. आणि अंगवळणी पडेपर्यंत सगळ्यांनी एका वेळी, एका आवाजात वळायचं. कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून.

टेबल तिचं होतं, म्हणजे मोठ्यानं तिनं म्हणायचं. ती उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, तुमी म्हना, वाट तुमची हाय. सगळ्या बायका बघत होत्या. टेस्टिंगच्या कोपऱ्यातून नवराही बघत होता. नाही म्हणायला जीभ उचलेना.

मी साचा नीट केला, दांडा धरला आणि सुरू केलं. राजूर. सात दांडे एकदम फिरले. अकोले. कळस. माझा आवाज मोठा होता, पत्र्याला लागून परत यायचा. मावशीचं घर आलं, गेलं. कोल्हार, गुहा, राहुरी. त्या दिवसाइतकी स्वच्छ मी ती वाट कधी म्हटली नसेन. देहरे, विळद. मग नगर म्हटलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पुढचं माझ्या तोंडून निघणार नव्हतं, काहीही झालं तरी.

मग खिडकीजवळून तिचा आवाज आला, हळू, रोजच्यासारखाच. जामखेड. सहा दांडे फिरले, आणि माझाही फिरला. मी फिरवला नव्हता, तो फिरला. खर्डा, ती म्हणाली, आणि माझा हात पुन्हा फिरला. मग सगळ्यांनी कात्र्या उचलल्या आणि मीही उचलली.